हाडांचा पंचनामा

हाड सापडण्यात फारसं विशेष काही नाही, असं मी जरा धीट होऊन म्हणतो. जमिनीत हाडं असतातच. नांगराच्या फाळाला लागतात, विहीर खणताना निघतात, मुरूम काढताना बाहेर पडतात. अवघड असतं ते हाडांमागचं जनावर सापडणं. एका ठिकाणी दोनशे हाडं निघाली, तर त्यातली कुठली कोणाची? ही मांडी आणि हा मणका एकाच धन्याचे, हे कशावरून? त्यातून जनावर मांसाहारी असेल तर काम आणखी कठीण. शिकार करणारे थोडे आणि शिकार होणारे फार, हा हिशोब डायनासोरांच्या काळातही असाच होता. ढिगात शाकाहाऱ्यांची हाडं भरपूर असतात आणि त्यांच्यात मांसाहाऱ्याचं एखादं मिसळून गेलेलं असतं.

भारतातल्या मांसाहारी डायनासोरच्या शोधाची कथा वाचताना मला सतत हा प्रश्न दिसत राहिला. कदाचित माझ्या नोकरीमुळे असेल. माझं उभं आयुष्य भूमी अभिलेख खात्यात गेलं. साखळी, शंकू, प्लेन टेबल, टिपण, हद्दीचे दगड. आमच्याकडे एक गोष्ट पहिल्या वर्षीच अंगात भिनते: वस्तू जागेवरून हलली की तिचा अर्धा पुरावा गेला. हद्दीचा दगड बांधावर उभा असतो तोवर त्याला किंमत असते. तोच उचलून कोणी अंगणात आणून ठेवला, तर तो नुसता दगड. म्हणून आधी पंचनामा, मग हात लावायचा. डायनासोरवाल्यांचं शास्त्र माझ्यासारख्या माणसाला कळलं, तेवढं या एका खिडकीतूनच कळलं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मराठी वाचक ती हमखास विचारतो. आपल्या महाराष्ट्रात डायनासोर का निघत नाहीत? सह्याद्रीत पालथा घातला नाही असा किल्ला उरला नाही, पण एक दात कधी दिसला नाही, अशी तक्रार मी ट्रेक करणाऱ्या पोरांकडून ऐकली आहे. त्याचं उत्तर त्यांच्या बुटाखालीच असतं. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थरावर थर चढलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो ओतला गेला. त्या आगीत हाड टिकण्याची आशा नको. पण लाव्हा यायच्या आधीची जमीन त्याच्या खाली आहे: नद्या, तळी, चिखल, चुनखडीची माती. काळ्या दगडाची चादर जिथे संपते किंवा झिजून फाटते, तिथे ही जुनी जमीन डोकं वर काढते. जबलपूर, गुजरातचा खेडा-बालासिनोर भाग आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरचा पट्टा. या थरांना लमेटा थर म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून. परिक्रमेला जाणारी मराठी माणसं त्या बाजूने जातातच. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नावेत बसतात, नावाड्याची यमकं जुळवलेली बडबड ऐकतात, धुवांधारचे फोटो काढतात आणि परततात. मीही पहिल्यांदा तेवढंच करून आलो होतो.

जबलपूरच्या छावणीजवळ बडा शिमला नावाची टेकडी आहे. डोंगर म्हणावा इतकी मोठी नाही. या टेकडीपाशी १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना दगड झालेली हाडं मिळाली. हे स्लीमन म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणारे तेच. गळफास टाकून पुरलेले प्रवासी उकरून काढणं हे ज्यांचं काम, त्यांनाच आशियातली पहिली नोंदलेली डायनासोरची हाडं मिळावीत! इंग्लंडमध्ये विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरस या मांसाहाऱ्याचं वर्णन छापून तेव्हा अवघी चार वर्षं झाली होती आणि ‘डायनासोर’ हा शब्द जन्मायला अजून चौदा वर्षं होती. स्लीमन यांच्याकडून ते मणके डॉक्टर स्पिल्सबरी यांच्याकडे गेले, तिथून कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ साली त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. हे जनावर मात्र शाकाहारी, लांब मानेचं. त्याला तूर्त बाजूला ठेवू. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

मांसाहाऱ्यांची पाळी यायला १९१७ साल उजाडावं लागलं. इंग्रज भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी बडा शिमलाच्या उतारावर खोदकाम सुरू केलं. मॅटली व्यवस्थित माणूस. त्यांनी आधी टेकडीचे थर एकेक करून ओळखले, कोणत्यावर कोणता हे लिहून काढलं आणि १९२१ साली ते छापलंही. त्यात एका थराला त्यांनी ‘कार्नोसॉर बेड’ म्हटलं, कारण त्यातून निघालेल्या हाडांत मोठ्या मांसाहाऱ्यांची हाडं होती. कवटीचे तुकडे, जबडे, मणके, नख्या, पायाची हाडं. हा भारतातल्या मांसाहारी डायनासोरचा सर्वांत श्रीमंत खजिना होता. आणि खरं सांगायचं तर सर्वांत गोंधळाचाही.

मॅटलींच्या हाती लागलेल्या हाडांत एक त्रिकास्थी होतं, म्हणजे कमरेचे जुळलेले मणके. कमरेची हाडं होती, नडगी होती आणि त्यांच्यासोबत जाड हाडांच्या ढाली होत्या, कासवाच्या पाठीची आठवण करून देणाऱ्या. सगळं एकाच ठिकाणचं म्हणून त्यांनी ते एकाच जनावराचं मानलं. ढाली आहेत म्हणजे चिलखती डायनासोर, म्हणजे शाकाहारी. नाव दिलं लमेटासॉरस इंडिकस. तर्कात चूक कुठे आहे सांगा! हाडं शेजारी होती, दगड एकच, काळ एकच. पण शेजार आणि नातं यांत फरक असतो. १९३५च्या सुमारास चक्रवर्ती या भारतीय संशोधकाने त्यावर बोट ठेवलं: कंबर आणि नडगी मांसाहाऱ्याची दिसते, ढाली दुसऱ्याच कोणाच्या. त्या काळात हे म्हणणं सोपं नव्हतं, कारण केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शिक्का नसलेल्या माणसाने साहेबाच्या छापील निष्कर्षाला हरकत घ्यायची होती. पण दाखवलेली खोट खरी होती. पुढे १९८० साली अर्जेंटिनातल्या साल्टासॉरसमुळे कळलं की लांब मानेच्या टायटॅनोसॉरांच्या काही जातींच्या अंगावरही अशा हाडांच्या ढाली असत. म्हणजे लमेटासॉरसच्या ढाली अशाच एखाद्या शाकाहाऱ्याच्या असण्याची शक्यता मोठी. ज्याला चिलखती शाकाहारी म्हटलं, त्याची कंबर शिकाऱ्याची आणि चिलखत बहुधा शिकारीचं, असा तो मामला.

मॅटलींनी जमवलेली बाकीची हाडं जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे फ्रीडरिख फोन ह्यूने यांनी अभ्यासली. दोघांच्या नावाने १९३३ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मोठा ग्रंथ काढला. त्यात एकट्या बडा शिमलाच्या मांसाहाऱ्यांना मिळून आठ नवी प्रजातिनामं होती. इंडोसॉरस, इंडोसुकस, लेव्हिसुकस, जबलपुरिया, कॉम्प्सोसुकस, सील्युरॉइडिस, ड्रिप्टोसॉरॉइडिस, ऑर्निथोमिमॉइडिस. यातलं कॉम्प्सोसुकस मानेच्या एका मणक्यावर उभं आहे. इतरही बरीचशी नावं निव्वळ मणक्यांवरची. इंडोसॉरस आणि इंडोसुकस मात्र कवटीच्या भागांवरून केलेले, त्यामुळे तेच पुढे टिकाव धरून राहिले.

आता एका लहानशा टेकडीच्या एका थरात आठ प्रकारचे शिकारी एकत्र राहत होते का? असतीलही, पण मनाला पटत नाही. मोठा मणका मोठ्या जातीचा आणि लहान मणका लहान जातीचा, असं धरलं की पिल्लू आणि त्याची आई दोन वेगळ्या जाती होऊन बसतात. मानेचा मणका एका नावाखाली आणि शेपटीचा दुसऱ्या नावाखाली गेला, तर एकाच जनावराची दोन जनावरं होतात. ह्यूनेंना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते ट्यूबिंगेनमध्ये बसले होते, त्यांच्यासमोर सुटी हाडं होती आणि सुट्या हाडांना सुटी नावं देणं ही त्या काळाची रीतच होती. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. थर कोणता हे मॅटलींनी नीट नोंदवलं होतं. पण थराच्या आत कोणतं हाड कोणाला चिकटून होतं, कोणतं कोणत्या दिशेला पडलं होतं, हे त्या ग्रंथातून हाताला लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर गट नंबर आहे, पण फाळणी, म्हणजे आतल्या हिश्शांचा नकाशा, नाही.

या काळात आणखी एक मोठा माणूस बडा शिमलावर येऊन गेला. अमेरिकेत टायरॅनोसॉरस रेक्स शोधणारा बार्नम ब्राऊन. तो १९२२च्या सुमारास न्यू यॉर्कच्या संग्रहालयासाठी भारतात हिंडत होता. शिवालिकच्या टेकड्यांतून त्याने सस्तन प्राण्यांचे जीवाश्म नेले आणि जबलपूरहून काही जबड्यांची हाडं. ती न्यू यॉर्कमध्ये पडून राहिली. शंकर चटर्जींनी १९७८ साली ती अभ्यासून इंडोसुकसशी जोडली. म्हणजे एकाच टेकडीची हाडं कोलकात्यात, लंडनमध्ये आणि न्यू यॉर्कमध्ये. तुलना करायची तर तीन खंड फिरावे लागणार. इंडोसॉरस-इंडोसुकस यांना कधी अॅलोसॉरसच्या कुळात बसवलं गेलं, कधी टायरॅनोसॉरसच्या. ज्या कुळाचे ते खरोखर होते, त्या कुळाला तोवर नावच नव्हतं.

ते नाव दक्षिण अमेरिकेतून आलं. अर्जेंटिनात होसे बोनापार्ट आणि फर्नांडो नोव्हास यांनी १९८५ साली अबेलिसॉरस जगापुढे आणला. त्याच वर्षी बोनापार्ट यांनी कार्नोटॉरस मांडला, डोळ्यांवर दोन शिंगं असलेला. आखूड उंच तोंड, खडबडीत कवटी, हास्यास्पद वाटावेत इतके लहान हात. मग मादागास्करची जुनी हाडं लोकांनी नव्याने उघडली. तिथल्या एका जाड कवटीच्या तुकड्यावरून १९७९ साली डोक्याने टक्कर देणारा शाकाहारी डायनासोर जाहीर झाला होता. १९९०च्या दशकात तिथे पूर्ण कवटी निघाली आणि कळलं, तो तर मांसाहारी, याच अबेलिसॉर कुळातला. माथ्यावरचा घुमट म्हणजे त्याचं शिंग. भारत, मादागास्कर, दक्षिण अमेरिका. एके काळी गोंडवन नावाच्या खंडाचे हे तुकडे, आणि त्यांच्यावर एकाच घराण्यातले शिकारी. जबलपूरच्या हाडांना आपले भाऊबंद सापडले, तेही दोन समुद्रांपलीकडे. २००४ साली नोव्हास आणि सहकाऱ्यांनी ह्यूने-मॅटलींची हाडं पुन्हा तपासली, तेव्हा ती आठ नावं बहुतांशी याच एका मोठ्या गटाकडे झुकली.

पण नात्याची चर्चा चालू होती तरी एक सबंध जनावर असं अजून कोणी पाहिलं नव्हतं.

गुजरातमधलं बालासिनोर मी पाहिलं ते निवृत्तीनंतर, बायकोला ‘सापुताऱ्याला जाऊ’ असं सांगून वाट वाकडी करत. (सापुतारा झालंच नाही. तो विषय घरात अजून निघतो.) तिथून थोड्या अंतरावर रहियोली नावाचं गाव. आता तिथे कुंपण आहे, पाट्या आहेत, २०१९ साली उघडलेलं संग्रहालय आहे. बाकी माळ तसाच: बाभळी, खडकाळ उतार आणि खडकात जागोजागी पांढुरके तुकडे. वाटाड्या दाखवेपर्यंत ते हाड आहे हे कळत नाही आणि एकदा कळलं की पाय कुठे ठेवावा हे कळत नाही. बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी या जागेच्या रक्षणासाठी आवाज उठवला. त्या सांगतात ती एक हकिकत तिकडे सगळ्यांना पाठ आहे: गावातल्या एका म्हातारीच्या घरी मसाला वाटायला जो गोल दगड होता, तो डायनासोरचं अंडं निघाला. मला ती म्हातारी आवडते. तिने निदान त्याचा उपयोग केला.

या भागात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना सिमेंटच्या चुनखडीच्या खाणीत डायनासोरची अंडी आणि हाडं दिसली. मग सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव १९८२ ते १९८४ या काळात रहियोलीत खोदत राहिले. जागा देवळाच्या टेकडीची. हाडांचा थर इथेही मिसळीचाच होता, लांब मानेच्या शाकाहाऱ्यांची आणि मांसाहाऱ्यांची हाडं एकत्र. म्हणजे बडा शिमलाचाच गोंधळ नव्याने व्हायला सगळी परिस्थिती अनुकूल. फरक एकाच गोष्टीने पडला. श्रीवास्तवांनी नकाशा काढला. कोणतं हाड कुठे, कसं पडलं आहे, कोणाच्या शेजारी आहे, हे सगळं कागदावर उतरवलं आणि मगच हाडं उचलली.

तो नकाशा मी छापील स्वरूपात पाहिला. ज्यांनी कधी मोजणी केली नाही, त्यांना तो हाडकांची रांगोळी वाटेल. मला तो वाचता आला, याचा मला नोकरीतल्या कुठल्याही बढतीपेक्षा जास्त आनंद झाला. उन्हात बसून असा कागद भरायचा म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. मान मोडते, पेन्सिलीचं टोक घामाने ओलं होतं, मजूर ‘साहेब, उचलू का’ म्हणून घाई करत असतात आणि वरच्या साहेबाला फक्त किती पेट्या भरल्या तेवढंच हवं असतं. अशा वेळी ‘थांब, आधी हे टिपून घेतो’ म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

पेट्या जयपूरच्या कार्यालयात गेल्या आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या. पुढे पंजाब विद्यापीठाचे अशोक साहनी आणि त्यांच्या चमूने श्रीवास्तवांबरोबर त्यांचा अभ्यास हाती घेतला आणि २००१ साली अमेरिकेतले जेफ्री विल्सन आणि पॉल सेरेनो त्यात आले. हाडं पुढ्यात, शेजारी तो नकाशा. नकाशात त्रिकास्थी होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डावं आणि उजवं कमरेचं हाड, जिवंत जनावरात असतात तशा जागी. सगळी कथा मला इथे वळलेली दिसते. मॅटलींच्या लमेटासॉरसची हाडं एकमेकांच्या जवळ होती. श्रीवास्तवांच्या नकाशातली हाडं आपापल्या जागी होती. जवळ असणं आणि जागी असणं यांत जो फरक आहे, तेवढ्यात एक जनावर मावतं. कंबर पक्की झाली, मग तिला जुळणारे मणके, पाय, शेपटी आणि कवटीचा मागचा भाग. कवटीच्या माथ्यावर बुटकं एकच शिंग. मादागास्करच्या भावाशी सरळ नातं.

ऑगस्ट २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस जाहीर झाला. विल्सन, सेरेनो, श्रीवास्तव, भट्ट, खोसला आणि साहनी अशी सहा नावं निबंधावर आहेत. नर्मदेन्सिस म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याचा. रहियोली पडते महीच्या बाजूला, पण नर्मदेचं नाव मिळालं म्हणून कोण तक्रार करणार? वर्तमानपत्रांनी लांबी नऊ मीटर सांगितली. नंतरच्या मोजमापांत ती साडेसहा मीटरच्या आसपास उतरली. वर्तमानपत्रातली जनावरं नेहमीच जरा वाढलेली असतात. तरी साडेसहा मीटरचा शिंग्या शिकारी काही थोडका नाही. एखादा राजासॉरस माझ्या दिवाणखान्यात मावला नसता, शेपटी जिन्यात गेली असती.

त्याच गावातून चटर्जी आणि नोव्हास यांच्या चमूने २०१० साली दुसरा अबेलिसॉर जाहीर केला, रहियोलीसॉरस गुजरातेन्सिस. किमान सात जनावरांची हाडं, लहान-मोठ्या वयाची, एका लहानशा जागेतून. बडा शिमलाच्या काळात या सातांची पाच-सहा नावं झाली असती, अशी मला दाट शंका आहे. इथे ती एकाच जातीची वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची म्हणून वाचली गेली.

जागी राहिलेल्या हाडांचा आणखी एक किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी त्यातला शिकारी डायनासोर नाही. धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात गुजरातमधल्या ढोली डुंगरी गावाजवळ एक दगड मिळाला. त्यात अंडी होती आणि बारीक हाडं होती. नुकतंच जन्मलेलं डायनासोरचं पिल्लू म्हणून १९८७ साली त्याची नोंद झाली. पुढे २००१ साली विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांना काही मणके सापाचे वाटले. तो सापच निघाला! साडेतीन मीटर लांबीचा, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. त्याला सनाजेह इंडिकस हे नाव २०१० साली मिळालं. पहिलं वाचन अपुरं होतं, पण दगड अख्खा होता, म्हणून दुसरं वाचन शक्य झालं. तीच हाडं सुटी करून दोन डब्यांत भरली असती, तर एका डब्यावर ‘पिल्लू’ आणि दुसऱ्यावर ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लागली असती.

आपल्या विदर्भाचं नाव या सगळ्यात कुठे? शिकाऱ्यांच्या बाबतीत आपल्या वाट्याला फार काही आलं नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याहून हाडं गोळा केली होती. मॅटलीही तिथे आले आणि तिथल्या दगड झालेल्या विष्ठेवर त्यांनी १९३९ साली निबंध लिहिला. ही विष्ठा तिथल्या शेतांत गोट्यांसारखी मिळते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हतं ही जगभरची समजूत मोडली. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८०च्या दशकात लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा निघाला, त्याला आता आयसीसॉरस म्हणतात. ज्यांना राजासॉरससारखे शिकारी खात असतील, ते आणि ते जे खात होते ते, असं दोन्ही आपल्याकडे आहे. मधला खाणारा तेवढा लपून बसला आहे.

आता लिडेकर यांचा टायटॅनोसॉरस, ज्याला मी मघाशी बाजूला ठेवलं. त्याचा मूळ मणका पुढे हरवला. भारतातला पहिला डायनासोर, आणि तो कुठे आहे हे कोणाला माहीत नाही, अशी अवस्था कित्येक वर्षं होती. शेवटी २०१२ साली मोहबे यांना तो कोलकात्यात सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. टेकडीवर नव्हे, सरकारी भांडारात. मी सरकारी भांडारं पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. उलट धीर आला. भांडारात हरवलेली वस्तू सहसा नष्ट होत नाही, ती फक्त चुकीच्या फडताळात असते.

कारण लमेटासॉरसची ती कंबर आणि नडगीसुद्धा आज हरवलेली आहे. राजासॉरसवर निबंध लिहिणाऱ्यांना तिच्या जुन्या वर्णनात राजासॉरसशी साम्य जाणवलं होतं, पण हाड समोर नसताना निकाल काय देणार? समजा उद्या कोणाला ती एखाद्या फडताळात सापडली आणि तंतोतंत जुळली. प्राण्यांच्या नावांचा नियम सातबाऱ्यावरच्या नोंदीइतकाच कडक आहे, आधीचं नाव आधी. मॅटलींचं नाव राजासॉरसपेक्षा ऐंशी वर्षांनी जुनं. ते नाव कंबरेला लावायचं की ढालींना, यावरच तज्ज्ञांत वाद आहे, तेव्हा इतक्या सहजी काही होणार नाही. पण वाद कंबरेच्या बाजूने सुटला, तर राजासॉरस हे नाव जाईल. रहियोलीच्या पाट्या, संग्रहालयातल्या तिकिटांवरचं चित्र, पाठ्यपुस्तकं, सगळं बदलावं लागेल.

मला तरी ती सापडायला हवी आहे. नाव काय, फेरफार घालून बदलता येतं.